कडं मोडलंय

ता. ४ मार्च

चि. उंदरास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन केला की तू 'गिऱ्हाईक आलंय, मग बोलतो' म्हणतोस आणि ते 'मग' काही उजाडत नाही. म्हणून पत्र. शुद्धलेखनाच्या चुका काढणार नाही, उत्तर मात्र पाठव.

वह्या तपासून तपासून माझी मान धरली आहे, बाकी मी ठणठणीत. आईला आता उजव्या डोळ्याने नुसता उजेड कळतो, डाव्याने तोही नाही. पण जीभ आणि बोटं शाबूत आहेत. नाट्यगृहाच्या तिकीट-खिडकीत तीस वर्षं बसून तयार झालेली बोटं ती! परवा किराणावाल्याने दिलेल्या सुट्ट्यातून तिने एक नाणं चाचपून बाजूला काढलं. मी उजेडात धरून पाहिलं, तर खोटंच. दिवसभर ऐटीत होती. डोळे गेले तरी मला कुणी फसवू शकत नाही, असं शेजारच्या काकूंना तीनदा ऐकवलं.

आता कामाचं. आईचं कडं मोडलंय. विमा उतरवून पार्सलने पाठवते आहे. काय ते बघ आणि लवकर कर, कारण हात रिकामा वाटतो म्हणून ती सारखी मनगट चोळत बसते. डबीत घालण्याआधी तिने काठावरच्या तुझ्या दातांच्या खुणांवरून अंगठा फिरवला. दात येताना तू ते कडं कसं कुरतडायचास, ते मला शंभराव्यांदा ऐकावं लागलं. उंदराचा खाऊ उंदराकडे चालला, म्हणाली.

लोभ आहेच, फोन उचलून तो वाढवावा.

तुझी,
ताई


ता. २९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. सोन्याचा भाव चढला की जो तो कपाटं उपसतो. एका कानातला डूल, दात पडलेली अंगठी, तुटकी साखळी, सगळी मोड माझ्या काउंटरवर येऊन पडते. जेवायला सवड नाही.

आईचं कडं सोबत पाठवलं आहे. नवीन खिळा बसवला, कारागिराने पॉलिशही मारून दिलं. नव्यासारखं झालंय. आईला म्हणावं, उंदराने मजुरी घेतली नाही.

एक गंमत सांगतो. दुकानात मी मोठी पाटी लावली आहे: 'मोड की दुरुस्ती? दोनदा विचारू, मगच हात लावू.' दागिना एकदा मुशीत वितळला की देवालाही परत देता येत नाही, म्हणून. गेल्या आठवड्यात एक बाई तिच्या गेलेल्या आईची साखळी घेऊन आली. मोड म्हणाली. मी दुसऱ्यांदा विचारलं, तर रडायलाच लागली आणि साखळी पदरात बांधून निघून गेली. धंदा गेला, पण त्या दिवशी झोप छान लागली.

आईस सा. नमस्कार. लोभ असाच चोख ठेवावा.

तुझा,
धाकटा


ता. ६ एप्रिल

चि. उंदरास,

अनेक आशीर्वाद.

कडं मिळालं. एक विचारते, सरळ उत्तर दे.

आईने ते घातलं, काठावरून अंगठा फिरवला आणि हे माझं नाही, म्हणाली. मी पॉलिशचं सांगितलं. पॉलिशने चकाकी येते, खळगे भरत नाहीत, म्हणाली. मी म्हटलं, आई, तुझा मुलगा सोन्यातला माणूस, तो तुझं कडं बदलेल का? तेही तिला पटलं. आणि इथेच सगळं बिनसलं.

कारण मुलगा खोटा नाही म्हटल्यावर बोटं खोटी ठरली. आता ती कशाचीच खात्री धरत नाही. पेला हातात दिला की हा माझाच ना, विचारते. परवा सुटे पैसे मोजायला दिले तर तिने ते माझ्याकडे सरकवले. तूच बघ, माझ्या हातांचं काही खरं नाही, म्हणाली. रे, डोळे गेल्यावर तिच्यापाशी एवढंच तर उरलं होतं.

म्हणून विचारते. हे कडं तेच आहे का? लोभ आहे, म्हणूनच विचारते.

तुझी,
ताई


ता. १५ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझ्यापासून लपवून काय करू? ते कडं आटवलं गेलं. हे नवीन करून घेतलेलं आहे.

पण दोष सगळा माझा नाही. तू काय लिहिलं होतंस ते आठव. 'कडं मोडलंय.' तुमच्या शाळेत मोडणं म्हणजे तुटणं असेल, आमच्या धंद्यात मोडणं म्हणजे विकून टाकणं. मला वाटलं, आईला औषधपाण्यासाठी गरज असेल आणि तुला मोकळेपणाने सांगायला संकोच वाटत असेल. म्हणून मोडीत घातलं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं, आईच्या मनगटाचं लक्षात आलं आणि घाबरून तसंच दुसरं घडवलं. वजन तेवढंच आहे, गुंजभरही कमी नाही. कस लावून बघ कुठेही. शेवटी सोनं ते सोनं.

आईला मात्र कळू देऊ नकोस. या वयात कशाला तिला त्रास? लोभ कमी होऊ नये ही विनंती.

तुझा,
धाकटा


ता. २१ एप्रिल

धाकट्यास,

जन्मभर पोरांना शब्द शिकवले आणि म्हातारपणी भावाने मला एका शब्दात अडकवलं. हुशार आहेस.

पण तुझ्या पाटीचं काय रे? वाटेवरच्या बाईला तू दोनदा विचारलंस. मला एकदा तरी विचारायचं होतंस. एक फोन करून 'ताई, मोड की दुरुस्ती?' एवढंच. मोड समजून घातलंस, तर मग ना पैसे, ना चिठ्ठी, ना निरोप? आणि हात रिकामा वाटतो, असं मी त्याच पत्रात, दोनच ओळी पुढे लिहिलं होतं. तेवढी ओळ तुला उशिरा दिसली होय?

काल आईने मला जवळ बसवलं. मुलावर उगाच शंका घेतली म्हणून तिला रात्रंदिवस खात होतं. तुला कळवायला सांगितलं आहे, ते कळवते: आई तुझी माफी मागते आहे. ही ओळ वाचताना तुझं काय होतं, ते मला बघायचं होतं.

मी तिला काही सांगितलेलं नाही. माझ्या तोंडून ऐकलं तर तिला वाटेल, मी तिची समजूत घालते आहे. तू ये. तिचा हात हातात घे आणि सांग की आई, तुझी बोटं खरी आहेत, मी खोटा आहे. चार तासांचा तर प्रवास आहे.

लोभाचं काय ते तू आल्यावर बघू.

ताई


ता. ९ मे

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

येणार होतो. दोनदा तिकीट काढलं, दोनदा रद्द केलं. तिच्यासमोर उभं राहायची हिंमत होत नाही.

तू विचारलंस म्हणून लिहितो. हो, ती ओळ तेव्हाच दिसली होती, कडं दुरुस्तीचं आहे हे ओळखलं होतं. पार्सल उघडलं तेव्हा माझाही अंगठा त्या खुणांवरूनच गेला. पण त्या दिवशी संध्याकाळी एका बड्या पेढीला सोन्याची लगड द्यायची होती आणि तेवढंच सोनं कमी पडत होतं. तुझा तो शब्द पुन्हा वाचला. बहिणीनेच लिहिलंय, म्हटलं, आणि घातलं. नंतर भरून देऊ, कुणाला कळणार? खरंच मला तसं वाटलं होतं.

मी आता एक केलं आहे. दुसरं कडं पाठवतो आहे. खुणा मी स्वतः बसून उठवल्या आहेत, बारीक पंचने, अगदी काठावर. आईला सांग, दुकानात दुसऱ्या गिऱ्हाइकाशी अदलाबदल झाली होती, आता मूळ कडं सापडलं. म्हणजे तिची बोटंही खरी ठरतील आणि माझंही झाकलं जाईल. एवढं कर, ताई. पाया पडतो. लोभ असावा.

धाकटा


ता. १४ मे

धाकट्यास,

पार्सल मिळालं. तू पढवलंस तसंच आईला सांगितलं. जन्मात पहिल्यांदा तिच्याशी खोटं बोलले.

तिने कडं दोन्ही हातांत घेतलं. अंगठा काठावरून फिरत खुणांवर येऊन थांबला आणि तिचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, फसली. लिहायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं. मग अंगठा मागे गेला. पुन्हा पुढे आला. ती मोजत होती.

मोजून झाल्यावर हसायला लागली. दीड महिन्यात पहिल्यांदा. बोटं शाबूत आहेत गं माझी, असं स्वतःशीच दोनतीनदा म्हणाली. टेबलावरचे सुटे पैसे ओढून घेतले आणि पटापट वेगळे करून दाखवले. ते करता करताच तिचं हसू थांबलं. मला विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. रडली नाही. कडं डबीत घालून डबी माझ्याकडे दिली, हातात घातलं नाही.

मग तुला पत्र लिहायला सांगितलं. शब्द तिचे आहेत, मी फक्त उतरवून घेतले:

'चि. उंदरास, कडं पावलं. खुणा चार आहेत. तुला तेव्हा दोनच दात आले होते.'

एवढंच. शेवटी लोभाचं घालू का, म्हणून मी विचारलं. बराच वेळ मनगट चोळत बसली. मग म्हणाली, राहू दे.

ताई