दूध आणायला जातोय

सूनबाई,

चार्जर बिघडलेला नाही. झोपण्याआधी घरातली सगळी बटणं बंद करत फिरायची माझी जुनी खोड. त्या फेरीत गाडीच्या चार्जरचंही बटण मीच बंद करत होतो. गाडीला रात्रभर कशाला वीज पाजायची, असं वाटायचं. पहाटे गीझरबरोबर तेही परत चालू करायचो, म्हणून तुला पत्ता लागला नाही.

परवा तुझी गाडी भर रस्त्यात बंद पडली, तेव्हा माझी ट्यूब पेटली. पण तू फोनवर चार्जर बसवणाऱ्याला फैलावर घेत होतीस आणि मी शेजारी बसून "हल्ली कामंच असली करतात" म्हणत मान डोलावत होतो.

आज तो बिचारा पदरमोड करून नवा चार्जर घेऊन येतोय. त्याला खरं काय ते सांग. "म्हातारं माणूस आहे" असं म्हणून मला पाठीशी घालू नकोस. मला सगळं कळत होतं.

मी दूध आणायला जातोय. फ्रीजमध्ये दोन पिशव्या आहेत, ठाऊक आहे मला.

बाबा