आढ्याखालची तिकोनी भिंत

वाडी, तालुका पाटण
शिमग्याआधी, १९७४

प्रिय सयाजीदादा,

तिकडं बर्फात तू खुशाल असशीलच, कारण खुशाल नसलास तरी तू तसंच लिवतोस. हिकडं आय बरी, गाय बरी, म्या तर हायेच. केरबानानानं तुला कळवलं असंल, का धाकट्यानं तुझं कडेगावचं सोयरं घरातनं पळवून लावलं. खरं हाय. पळवलं. पर ती कशी पळाली आन् कुठं अडाकली ह्ये नाना सांगायचा न्हाई, कारण पळण्यात सगळ्यात म्होरं ह्यो आपला चुलताच हुता. म्हणून म्या लिवतो. सातवीत दोनदा बसल्यालं अक्षर हाय, तेवढं सोस. आन् फाडायचं आसंल तर पुरतं वाचून मग फाड.

आधी दसऱ्यानंतरचं सांगतो. हादरा बसला तवा आयनं तुला लिवून घातलं, का हिकडं कायबी झालं न्हाई. झालं हुतं. त्या दिशी आय तापानं पडून हुती. वासरू सुटलं म्हणून कण्हत उठली, भायेर गेली, आन् तेवढ्यात जमीन हालली. वासराला बांधून आत आली तर तिच्या उशावर दगड. आपल्या आढ्याखालच्या तिकोनी भिंतीतनं निसाटल्याला, चांगला भोपळ्याएवढा. आयनं काय करावं? त्यो उचलून अंगणात ठिवला, वाकळ झाडली आन् पुन्ना तिथंच हातरून निजली. मला म्हणाली, थोरल्याला कळवू नगस, जिवाला लावून घील. त्या वासराला म्या तवापास्नं कवा दावं आवळून बांधत न्हाई.

त्याच हादऱ्यात पल्याडच्या मनुबाईचं कारवीच्या कुडाचं घर सुपागत हाललं. चार ढेकळं गळली. म्हातारी आतच चुलीपाशी हुती, तिच्या अंगावर निसती माती पडली. सांजंला तिनं शेणमातीनं लिंपून घितलं, झालं. आन् आपण तिच्या घराला हसतो. सा वर्सांमागं मोठा भूकंप झाल्यावर सायेब लोक जीपगाडीतनं आलते, ध्यानात हाय न्हवं? चावडीम्होरं सांगून गेले, का वर जड ठिवू नका, दरवाजाच्या उंचीच्या वर दगड चढवू नका, तिथं कूड घाला, दारात सामान नगो. समद्यांनी माना हलवल्या. जीप घाटाला वळली न्हाई तवर लागली आपली माणसं दगड व्हायला. का, तर कुडाच्या घरात पोरगी कोण देतं! ह्या वाडीत माणूस दगडाखाली मेलं तर चालतंय, पर सोयऱ्याला कूड दिसाया नगो.

तवा म्या घर ताब्यात घितलं. पयली उतरंड मोडली. समदी पितळेची भांडी खाली जमिनीला मांडली. आय म्हणाली, भांडी काय अंडी उबवाय बसवलीस व्हय रं? कंदील, आगपेटी, मीठ, चटणी आन् एक घोंगडं ह्येचं गठुडं दाराच्या खुंटीला. दारात काडीबी ठिवायची न्हाई. आन् भायेर पडल्यावर समद्यांनी गाठायची जागा ठरवली, ती म्हंजी उकिरडा. आय लय चिडली, म्हणाली दुसरी जागा गावली न्हाई का? म्या म्हणालो, तिथं अंगावर पडंल आसं काय न्हाई, आन् नाकानं आंधळ्यालाबी सापडंल. आन् एकदा तिथं पोचल्यावर आत कुणी कुणाला हुडकाय जायचं न्हाई. ह्या बोलण्यावर आय उठून गाईकडं गेली.

मग सराव. तुमच्या पलटणीत शिटी वाजली का उठत्यात, तसं हितं ताट वाजलं का उठायचं. कवा आय भाकरी थापताना वाजीव, कवा देवाला दिवा लावताना. पयल्यांदा तिनं मला फुकणी फेकून मारली. आता ताट वाजलं का भाकरी तव्यावरच सोडून, गठुडं घिऊन, मला शिव्या देत देत उकिरड्यावर हजर. वाडीत बी म्या कुणाच्या मागल्या भिंतीवर मुसळ आपटून यायचो. आधी ह्येच म्या गंमत म्हणून करायचो, आता सराव म्हणून करतो. फरक कुणाला कळत न्हाई, शिव्या त्याच पडत्यात.

आता सोयऱ्यांचं. कडेगावचं मानसिंगराव, त्येंची म्हातारी आय अंबूबाई आन् संगं दोघं भावकीतलं, आसं तुला पोरगी द्यायच्या आधी घर बघायला आलते. नानानं आदल्या दिशीच माझं राज्य मोडलं. उतरंड पुन्ना चढवली, बरोबर त्या तिकोनी भिंतीखाली, कारण तिथं उजेड पडतो आन् पितळ चमाकतं. जोंधळ्याची पोती आणून दाराच्या दोन्ही अंगाला थप्पी लावली, घरात दाणागोटा किती ह्ये दिसाया पायजे म्हणून. त्यातली चार पोती नानाच्याच घरची. गठुडं खुंटीवरनं काढलं, दळिद्री दिसतंय म्हणून. आन् मला सांगितलं, तू गोठ्यात बस, तोंड दावू नगस.

म्या गोठ्यात बसलो. भिंतीच्या ह्या अंगाला म्या, त्या अंगाला सोयरं. मानसिंगराव काठीनं भिंत ठोकून बघायचं आन् म्हणायचं, किल्ला हाय किल्ला. नाना म्हणायचा, आमच्या सयाजीनं फौजंतनं रजा काढून बांधलाय, एकेक दगूड दोघांनी उचलायचा. मग म्हणाला, नव्या नवरीला हीच खोली, पोराची आय राहीबाई काय पडवीत निजंल. तवा मला ऱ्हावलं न्हाई. मुसळ हाताशीच हुतं. भिंतीच्या बुडाला चार दणकं दिलं. उतरंडीनं आसा आवाज केला गड्या, का गाय दाव्याला हिसकं द्याय लागली.

पुढलं काय सांगू. नाना उठला आन् दाराकडं, त्येच्या मागनं मानसिंगराव, त्येंच्या मागनं भावकी, आन् पोत्यांच्या मदल्या फटीत चौघं एकावर एक रुतून बसले. नानाचं एक पाऊल भायेर, बाकी समदा आत. मानसिंगरावांचा फेटा नानाच्या गळ्यात. अंबूआजी मागं एकटी, भिंतीला धरून उबी. आन् आय? आय मागल्या दारानं कवाच निसाटल्याली. नानानं कोपऱ्यात दडवल्यालं गठुडं बी हुडकून घितल्यालं, आन् उकिरड्यावर उबी, निव्वळ पलटणीचा जवान.

म्या मुसळासकट भायेर आलो तवा समजायचं ते समद्यांना समाजलं. नाना फटीतनं सुटला आन् मला माराय अंगणातली चप्पल उचलली. पर आजी पोत्यांवरनं उतरून आली आन् मला म्हणाली, "का रं पोरा, माझी नात ह्याच भिंतीखाली निजणार व्हय?"

म्या म्हणालो, "व्हय आजी. दसऱ्यानंतर हितं माझ्या आयच्या उशावर दगूड पडलाय. त्यो बगा, अंगणात हाय."

आजीनं जाऊन त्यो दगूड बगितला. पायानं वाईच हालवून बगितला, हालला न्हाई. मानसिंगराव फेटा न बांधताच निघालं, आन् जाताना नानाला म्हणालं, घर बघाय बोलावलं का खेळ बघाय? सोयरीक मोडली म्हणून नाना वाडीभर बोंबलतोय. मोडली का न्हाई मला ठाव न्हाई. मोडली आसंल तर मोडू दे. मानसिंगरावांची बनुबाई चांगली पोरगी हाय म्हंत्यात, पर तिला त्या खोलीत निजाय आणून तिच्या बाला तोंड कुठलं दावणार हुतास तू? दगडासाठी पोरगी देणारं सोयरं आपल्याला नगोत. कुडाच्या घरातबी पोरी आसत्यात दादा, आन् त्या हसत्यातबी.

आय माझ्याशी चार दिस बोलली न्हाई. मुसळापायी न्हाई, दगडाचं बोललो म्हणून.

आता जे कुणी बोलत न्हाई ते म्या बोलतो. त्या भूकंपाच्या पहाटं आबानं मला दारातनं भायेर लोटलं आन् आयला हुडकाय परत आत गेला. आय घरात न्हवतीच. ती धारंला गोठ्यात गेलती. तू रजंवर आलास तवर आमी आबाला पोचवून आलतो. तू रडला न्हाईस. पडल्यालं दगूड येचलंस, म्हणालास आबाच्या घराचा एकबी दगूड वाया जाऊ देणार न्हाई, आन् त्याच दगडांचं घर उबं केलंस, आदीपेक्षा हातभर उंच. वाडीनं तुझी वावा केली. म्या दहा वर्साचा हुतो, म्या बी केली. पर दादा, ज्येंनी आबाला घितला तेच दगूड तू आयच्या डोक्यावर चढवलंस. आन् ती तिथं निजती ते जागा न्हाई म्हणून न्हाई. आबा तिच्यापायी आत गेला, ह्ये तिच्या मनातनं गेलं न्हाई. ताट वाजलं का ती पळती, कारण ते माझं ऐकणं झालं. पर वाकळ हलीव म्हणलं का हालत न्हाई.

गेल्या आठवड्यात म्या रानातनं कारवी तोडून आणली, भारं बांधून पडवीत रचली. मनुबाई कूड विणाय येती म्हणालीया. छपराचं पाखं उतरवाय शिडी लावून वर चढलो आन् दोन कौलं काढली, तर आय वाकळ घिऊन बरोबर त्या भिंतीखाली जाऊन बसली. वरनं मला तिचा पांढरा झाल्याला माथाच दिसत हुता. "सयाजीनं बांधलंय," म्हणाली, "त्यो म्हणल्याबिगर म्या हितनं उठणार न्हाई." म्या कौलं पुन्ना जागच्या जागी बशिवली आन् खाली उतारलो. म्हणून ह्ये पत्र. तुझ्याकडनं मला बाकी काय नगो. आयच्या नावानं एवढंच लिव, का भिंत उतरू दे, म्या सांगतो. ते म्या तिला मोठ्यानं वाचून दावीन, वाडीला ऐकू जाईल आसं. तुला लिवायचं नसंल तर तसंबी कळीव. मग शिमगा झाला का म्या आयला वाकळंसकट उचलून भायेर बसवीन, लय हलकी झालीया ती आता, आन् भिंत दरवाजापातूर उतरवीन. घर तुझं आसंल, आय दोघांची हाय. मग रजंवर यी आन् मला पायजे तेवढं मार. म्या अंगणात उबा ऱ्हाईन, हात वर करणार न्हाई. पर आत बोलावलंस तर त्या भिंतीखाली म्या यायचा न्हाई, आन् आयलाबी येऊ द्यायचा न्हाई.

तुझाच, मार खायला तयार आसल्याला,
आकाराम