डावा कालवा, पैलवान आणि माझं स्टूल

९ मार्च
लॅबमध्ये आज रक्ताच्या नळ्यांवर चुकीची लेबलं लागता लागता राहिली. कारण, सासूबाई. माझ्या नव्हेत, टीव्हीवरच्या. ती खाष्ट, सुनेच्या दुधात रोज काहीतरी कालवणारी. तिनं मुलाखतीत सांगितलं की मेकअपला बसली की ती आमच्या बँडचं गाणं लावते. आमचं! ‘डावा कालवा’चं! तेही ‘आवर्तन’, जे इम्रानची सख्खी बहीणसुद्धा शेवटपर्यंत ऐकत नाही.
इम्रान (कीबोर्ड) सकाळपासून फोनवर किंचाळतोय. भूषण (गिटार) म्हणतो, फेक असणार. माझी बोटं टेबलावर, मांडीवर, जिथं जागा मिळेल तिथं चाललीत. बसवत नाही.

१२ मार्च
सासू परवडली! आज एमआयडीसीतल्या गोडाऊनवर, आमची प्रॅक्टिस चालू असताना, पै. बाळू आला. बॅनरवर खांद्यावर गदा घेऊन असतो तोच. दारातून अंग तिरकं करून आत आला. भूषणची तार तुटली.
“तुमचं आवर्तन लावूनच बैठका मारतो मी. वस्ताद म्हनत्यात, काय ह्यो गोंगाट. पन त्यो मधला तुकडा हाय ना, लई भारी. अंगावर काटा येतो. त्यात हलगी हाय.”
मधला तुकडा म्हणजे माझा. एकटे ड्रम. मी म्हटलं, हलगी नाही ती, सात मात्रा आहेत. म्हणाला, “आसतील. पन हलगीच हाय.”
एप्रिलात मिरजगावच्या पुढं एका गावची जत्रा, तिथं त्याची मोठी कुस्ती. तो कुस्तीच्या हौद्यात उतरताना आम्ही ‘आवर्तन’ वाजवायचं. प्रोग्रेसिव्ह रॉक, कुस्तीच्या मैदानात! आमच्यासमोर कधी धड पन्नास माणसं बसली नाहीत, आणि तिथं हजारो. आम्ही तिघं वेड्यासारखे ओरडलो. तो लाजला. एवढा मोठा माणूस, लाजला.

१३ मार्च
अप्पांना सांगितलं. माझा ड्रमसेट त्यांनीच घेऊन दिलेला, एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झाले तेव्हा. “प्रोग्रेसिव्ह म्हणजे पुरोगामीच ना? मग वाजव,” म्हणाले होते. मला वाटलं, आज पेढे आणतील.
भाकरी तशीच हातात राहिली. “कुठं? हौद्यावर?”
मग एकदम, “तुझा आजा तिथंच उभा असायचा. हलगी घेऊन. दिवसभर. सगळं गाव बसलेलं, आणि तो उभा. मी पण उभा, त्याचं धोतर धरून. तहान लागली तर वरून पाणी ओतायचे, ओंजळीत.”
आजोबांनी धम्मदीक्षेनंतर हलगी सोडली हे मला माहीत होतं. पण शाळेतल्या धड्यासारखं. अप्पा तिथं होते, धोतर धरून, हे आज कळलं. एकोणतीस वर्षं एका घरात राहून.
जा म्हणाले नाहीत. नको जाऊ पण म्हणाले नाहीत. हात धुऊन उठले.

२० मार्च
प्रॅक्टिसला गेले आणि भांडून आले. इम्रान म्हणाला, “यार प्रज्ञा, ते जुनं झालं. तुला ते मानानं बोलावतायत.” मी म्हटलं, तुला काय कळणार. त्याचं तोंड उतरलं. भूषण नुसता तार लावत बसला.
चूक माझी. पण माफी मागायला गेले तर रडू येईल, म्हणून नाही गेले.
अप्पा टीव्हीचा आवाज वाढवून बसतात हल्ली. त्याच सासूची मालिका!

२ एप्रिल
पै.चा व्हॉइस मेसेज.
“मॅडम, तितं स्टेज न्हाई, जनरेटरवर निस्ते लाइट चालत्यात. गिटार-बिटार ऱ्हाऊ द्या. तुमी एकट्याच या. तुमचा त्यो एक ड्रम गळ्यात अडकवा, हौद्याच्या कडंला हुभ्या ऱ्हावा, आन् मधला तुकडा वाजवा. त्योच तर खरा हाय!”
गळ्यात अडकवा. उभ्या राहा.
कितीदा ऐकला कोण जाणे. त्याच्या आवाजात इतकी माया आहे की शिवीसुद्धा घालता येत नाही. माझ्या ड्रमिंगचं एवढं कौतुक आजवर कुणी केलं नाही, आणि कानफटात पण अशी कुणी मारली नाही. दोन्ही एकाच मेसेजमध्ये.
अप्पांना ऐकवला नाही.

३ एप्रिल
पै.ला फोन केला. सगळं सांगून टाकलं. आजोबा, अप्पा, ओंजळ. म्हटलं, मी गळ्यात काही अडकवणार नाही. ड्रम बसून वाजवतात. बसून वाजवीन, नाहीतर नाही.
“मला ठावं नव्हतं मॅडम. पन आमच्यात हलगीवाला मानाचा आसतो.”
“मानाचा असतो तर बसत का नाही?”
“...बगतो,” म्हणाला आणि ठेवला.
संपलं बहुतेक. एवढा एक फॅन मिळाला होता खरा, त्यालाही तोडून टाकलं मी.

९ एप्रिल
काही नाही. सासूबाईंनी परत गाणं टाकलं, हजारो लोक ऐकतायत म्हणे. ऐकू देत. मी फोन उलटा ठेवते, सुलटा करते, परत उलटा ठेवते. इम्रानकडे मात्र गेले. माफी मागितली. अपेक्षेप्रमाणे रडले. “चहा पी, येडे,” म्हणाला.

१३ एप्रिल
फोन आला!
“उसाची ट्रॉली सांगितली हाय मॅडम. त्यावर समदं बसंल, जनरेटर दुसरा आनला. कमिटीत लई वाजलं. एक जन म्हनला, पैलवान, तुमी कुस्ती करा, ह्यात पडू नका. मी म्हनलं, ट्रॉली न्हाई तर कुस्तीबी न्हाई.” आणि वर, “बसूनच वाजवायचं. म्या सांगितलंय.”
अप्पांशी अजून बोलायचं होतं. उद्या कळवते म्हटलं.

१५ एप्रिल
काल जयंती. मिरवणुकीत अप्पा निळा फेटा बांधून चालले, मी शेजारी. बोलायचं होतं, डीजेत काही ऐकू येईना. पै.ला ‘उद्या सांगते’ एवढंच टाकलं.
उद्या कुस्ती, पहाटे टेम्पो येणार. इम्रान-भूषण तयार. मी निघाले नाही तर ते पण निघणार नाहीत, असं दोघांनी परस्पर ठरवलंय.
ड्रम भरले. स्टूल शेवटी दाराशी ठेवलं. अप्पा आले, ते उचलून बघितलं. त्याचा एक स्क्रू ढिला होता. पाना आणून आवळला. वर हात दाबून बघितलं, डुगडुगतं का.
“ह्याच्यावर बसणार?”
“हो. ट्रॉलीवर. पाहुण्यांच्या खुर्च्यांच्या समोर. मी अजून पै.ला हो म्हटलेलं नाही, अप्पा. तुम्ही नको म्हणा, मी आत्ता टेम्पो रद्द करते.”
त्यांनी स्टूल परत दाराशी ठेवलं.
“आणि मी आलो, तर मला कुठं बसवणार?”
हे मला सुचलंच नव्हतं. सगळं भांडण माझ्या बसण्याचं केलं मी. विचारते म्हटलं.
पै.ला लगेच मेसेज टाकला. वडील येतील, खुर्ची कुठं?
अप्पा पांढरा शर्ट इस्त्री करतायत. विचारलं नाही कशासाठी. मेसेजला निळ्या खुणा आल्यात. उत्तर अजून नाही.