साडेतीनशे माणसांचं पथ्य

ती. ताई,

वाकून नमस्कार. (अजून वाकता येतं, एवढीच काय ती खुशाली.) तुझ्या हाताची सूज उतरली का? आठवड्यातून तीनदा त्या डायलिसिसच्या मशीनशेजारी पडून राहायचं म्हणजे जीव विटत असणार. गेल्या पत्रात तू लिहिलंस, मला तुझी किडनी नको, तुझ्या तू सांभाळ. त्यावर मी आज अवाक्षर काढणार नाही. रडगाणं मात्र पूर्ण ऐकून घ्यायचं.

झालं असं, की तपासणीत सगळं जुळलं, पण माझा रक्तदाब जरा चढलेला निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मीठ असंच खात राहिलात तर बहिणीला द्यायचं सोडा, स्वतःच्याच किडन्यांना इजा करून घ्याल. दोन महिने मीठ नावापुरतं, मटण बंद, पाकिटातलं खारं बंद, मग पुन्हा बघू. तुझ्या भावजयीने मिठाची बरणीच कुलपात ठेवली. पहिला आठवडा मी उकडलेल्या भोपळ्याकडे नुसता बघत बसायचो. (भोपळाही माझ्याकडे तसाच बघायचा.) तिसऱ्या आठवड्यात जीभ शहाणी झाली, साध्या टोमॅटोलाही चव यायला लागली. मला वाटलं, सुटलो बुवा.

सुटतोय कसला! तीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये मी मीठ कधी मोजून टाकलेलं नाही. मूठ टाकायची, चमचाभर जिभेवर घ्यायचं, मान डोलली की झाकण. आता मान डोलवणारी ती जुनी जीभ आणायची कुठून? अर्धी मूठ पडली तरी माझं तोंड वाकडं व्हायचं. मी आपला प्रामाणिकपणे हात आखडत गेलो आणि साडेतीनशे कामगारांना त्यांच्या नकळत माझ्या पथ्यावर बसवलं. चौथ्या दिवशी एक वेल्डर भरलं ताट घेऊन थेट मॅनेजरच्या टेबलापाशी. मॅनेजरनं एक घास खाल्ला आणि मला हळूच विचारलं, "काका, घरी सगळं ठीक आहे ना?" अगं, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता चव बघायला तोच वेल्डर नेमलाय. तीस वर्षांचा आचारी मी, झाकण धरून उभा राहतो, आणि तो चमचा चाटून "अजून" म्हणतो. खरं सांगू ताई, थकलोय. पथ्यानं नाही, त्या "अजून"नं.

भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
अळणी भाऊ

ता. क. : पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात रिपोर्ट आला. रक्तदाब जागेवर आलाय, डॉक्टरीणबाई हो म्हणाल्यात. आता फक्त तुझी सही राहिलीये.

ता. क. २ : अवाक्षर काढणार नाही म्हणालो, ते खोटं. लहानपणी माझ्या ताटातलं न विचारता उचलायचीस, तेव्हा एकदा तरी 'नको' म्हणालीस का? आता आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून वाढतोय, तर बाईसाहेबांचे नखरे! सही कर.

ता. क. ३ : माझी काळजी करू नकोस. रिपोर्ट बघून तुझी भावजय बरणीची किल्ली परत द्यायला आली, तर मीच म्हटलं, राहू दे तुझ्याकडेच, उरलेल्या एकीला जपायचंय. फक्त एकट्यानं अळणी जेवायचा फार कंटाळा आलाय गं. सोबतीला तू हवीस.