जुन्या डिस्कवरचा स्टिकर

रवि., २ फेब्रु.
सकाळी दादांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. मग दाढी केली, अंघोळ केली, देवाला फुलं वाहिली आणि परत येऊन खुर्चीत बसले. पडद्यावर अजून ते गोल गोल फिरतंय. दादा मांडीवर हात ठेवून शांत. मला पाच मिनिटं चहा उशिरा मिळाला तर घर डोक्यावर घेणारे हेच का वडील?

बघायचं काय, तर एकच व्हिडिओ. ताई लग्न होऊन राजगुरुनगरला गेली तेव्हा तिच्यासाठी काढलेला, आई मसाला कसा करते त्याचा. मध्येच आई ओरडते, "अवो, पंखा! पंखा बंद करा म्हनते ना, समदं उडतंय!" दादा रोज त्या जागी हसतात. घशाचं ऑपरेशन होऊन आईचं स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून रोज. मोबाईलवर घेऊन देतो म्हटलं तर, "त्यात ती एवढीशी दिसती."

तेवढा वेळ आई स्वयंपाकघरात. नळ सोडून भांडी घासते. स्वच्छ असली तरी.

मंगळ., ४ फेब्रु.
कंपनीच्या बसमधून पिंपरीत उतरून दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "राव, ही मशीन विकून नवीनच घ्या." म्हटलं, वडिलांना नवीन चालत नाही. मग एसएसडी घेतली, म्हणजे वेगात चालणारी नवी डिस्क. हातात घेतली तर पत्त्यांच्या कॅटपेक्षा हलकी. एवढ्याशा डबीने काय होणार, असं मनात आलं. वै. म्हणाली, "दादांचं जागरण संपलं तरी पुष्कळ." जागरण कसलं, सकाळी सातला. पण माझ्या बायकोला, वैशालीला, बोलायची हौस.

गुरु., ६ फेब्रु.
सुट्टी. सकाळीच कॅबिनेट उघडलं. आत एवढी धूळ की दोन कुंड्या भरल्या असत्या. जुनी डिस्क काढली, तिच्याच वायरीवर नवीन लावली (एकच वायर होती), विंडोज नव्याने घातलं. मग दादांना बोलावलं आणि बटण दाबायला सांगितलं.

ते सवयीने दाढीला निघाले. दारापर्यंत पोचले नसतील, तोवर टुंग झालं!

"काय झालं रे? बिघडलं?"
"चालू झालं दादा."
"येवढ्यात?"

खोटं वाटून त्यांनी तीनदा बंद-चालू करून बघितलं. मीसुद्धा तोंड उघडं टाकून उभा. आई कणकेच्या हाताने बाहेर आली, बघून गेली.

व्हिडिओ मात्र जुन्या डिस्कवरच राहिला. ती बाहेरून जोडायची केबल ऑफिसातला एकजण आणून देणार आहे, पुढच्या गुरुवारी कॉपी करीन. दादांना नीट समजावलं. "म्हंजे आठवडाभर न्हाई?" चेहरा एवढासा झाला. डिस्कवर पिवळा स्टिकर लावून शोकेसवर ठेवली.

आमच्या घरात स्टिकर चालतात. मी चाकणला क्वालिटीत, दादांची शेवटची वर्षं कंपनीत रिजेक्शनला. हिरवा ओके. पिवळा होल्ड, म्हणजे निर्णय बाकी, हात लावू नका. लाल रिजेक्ट. मुरायचं लोणचं पिवळं, गळकी बादली लाल. वै.च्या माहेरचे हसून लोळतात. पण आवाज गेल्यापासून आईला ही सोयच झाली आहे. दिवाळीत माझ्या नव्या शर्टाला लाल लावला होता!

शनि., ८ फेब्रु.
दादांना करमत नाही. कॉम्प्युटर चालू करतात, तो लगेच चालू होतो, मग त्याच्याकडे बघत बसतात. बंद करतात. वाट बघायलाही काही उरलं नाही.

आज आई चहा घेऊन त्यांच्यासमोर बसली. नळ नाही, भांडी नाही. काहीतरी म्हणाली, म्हणजे ओठ हलवले. दादा, "काय? पाटीवर लिही की." ती पाटी आणायला उठली नाही. तिथेच बसून राहिली.

सोम., १० फेब्रु.
लिहायला हात धजत नाही.

पहिली शिफ्ट करून घरी आलो. बाल्कनीत पेपर अंथरलेला, दादांची ड्रिल मशीन, आणि पेपरवर जुनी डिस्क. मधोमध आरपार भोक. लखलखीत चुरा.

"भंगारवाला येनार हाय उद्या," दादा म्हणाले. खुशीत होते. "रिजेक्ट माल तसाच बाहेर सोडायचा न्हाई. कुनीतरी पुसून पुन्हा विकतंय. आमी कंपनीत एक पीस सोडला न्हाई कधी."

बरोबरच आहे. आम्हीही सोडत नाही. रिजेक्ट पीसला भोक पाडूनच भंगारात पाठवतो.

डिस्कवर लाल स्टिकर होता.

मी म्हटलं, "दादा, ही कुठली डिस्क?" "शोकेसवरची लाल. तुझी ती पिवळी ठेवलीस की कुठंतरी आत." त्यांनी स्टिकर बघितला, आणि स्टिकरवर शंका घ्यायची नसते. सगळं आयुष्य तेच केलं. मी डिस्क उचलून गुपचूप डब्याच्या पिशवीत टाकली.

मंगळ., ११ फेब्रु.
ऑफिसातल्या आयटीवाल्याला दाखवली. त्याने भोकातून माझ्याकडे बघितलं. "गेलं भाऊ. यातून काही निघत न्हाई." ताईला फोन केला. व्हिडिओ पाठवला होता तो तिचा जुना मोबाईल कधीच गेलाय. म्हणाली, शोधते काही मिळालं तर. मग रडायला लागली, मलाच समजूत काढावी लागली.

बसमध्ये एकच विचार. मी चुकून लाल लावला का? रोज लाल-पिवळे लावून हात आपोआप चालतो. मीच घालवला का आईचा आवाज? बस मोशीला अडकली होती, शेजारचा ट्रॅफिकला शिव्या देत होता, मला काही ऐकू येत नव्हतं.

घरी वै.ला विचारलं. तिने ठामपणे सांगितलं, "पिवळाच लावला होता. शोकेस पुसताना मी बघितलाय. शुक्रवारी."

मग लाल कोणी लावला?

घरात माणसं चार.

बुध., १२ फेब्रु.
संध्याकाळी दादा म्हणाले, "उद्या गुरुवार. उद्या टाकतूस ना?" नवीन बनियन घालून बसले होते. मला राहवलं नाही. सांगून टाकलं.

त्यांना आधी कळलंच नाही. "पन व्हिडिओ कॉम्प्युटरमदी असतुय ना?" मी म्हटलं, त्या डिस्कमध्ये होता. तुम्ही भोक पाडलंत तिच्यात. ते स्वतःच्या हातांकडे बघायला लागले. "म्या? माज्या हातानं?" मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. आईच्या ऑपरेशनच्या दिवशीही नाही. भयंकर वाटलं.

तेवढ्यात आई बाहेर आली. पदराला हात पुसले. दादांच्या समोर उभी राहिली आणि छातीवर बोट टेकवलं. दोनदा.

"काय?" दादा म्हणाले.

वै.ने पाटी पुढे केली. आईने ती बाजूला सारली. दादांची हनुवटी धरून त्यांचं तोंड वर केलं आणि ओठ सावकाश हलवले. दादा बघत होते. आधी वैतागून, मग नीट. एकेक शब्द तेच मोठ्याने म्हणत गेले, शाळेतल्या पोरासारखे.

"म्या... लावला. लाल."

वै.ने पाटी खाली ठेवली.

"का गं?" दादा म्हणाले. "आगं, का?"

आईचे ओठ परत हलले. या वेळी मला दिसले, पण कळले नाहीत. दादांना कळले. त्यांनी मोठ्याने म्हटले नाहीत. वै.ने विचारलं, "काय म्हणाल्या आई?"

"म्हनती, तुमी त्या पडद्याकडं बगता, आन् मी हितं बसल्याली असती."

मग ते उठून बाहेर गेले. आई आत जाऊन भाकऱ्या थापायला लागली.

गुरु., १३ फेब्रु.
दिवसभर दादा आईशी बोलले नाहीत. राग, की लाज? मला दोन्ही दिसतंय. मला स्वतःलाही राग आलाय. आवाज तिचा, मान्य. पण आमचाही होता ना? निदान माझ्याजवळ सांगायचं. मग वाटतं, सांगणार कशी, आणि आम्ही ऐकणार होतो का? तिचं बोलणं बघायला आम्ही शिकलोच नाही. पाटी दिली हातात आणि मोकळे झालो.

दुपारी आई ताटात शेंगदाण्यांची सालं पाखडत होती. पंख्याने सालं हॉलभर. तिने ताटावर वाटी आपटली. दादा पेपरमागे होते. पेपर खाली न घेता उठले, पंखा बंद केला, परत बसले.



शनि., १५ फेब्रु.
दादा आज बोलले. "मीठ कमी हाय." आईने काहीतरी उत्तर दिलं, लांबलचक. दादा घास हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत होते. मग म्हणाले, "बरं, बरं, माजंच चुकलं." काय म्हणाली ते आम्हाला सांगितलं नाही.

कॉम्प्युटर चार दिवस बंदच. काय त्याचा वेग आणि काय ते सगळं.

रवि., १६ फेब्रु.
ताईचा सकाळी फोन. तिच्या नवऱ्याच्या जुन्या मोबाईलचं मेमरी कार्ड सापडलं. त्यात आहे. पूर्ण. मला पाठवलासुद्धा.

आनंदाने ओरडणार होतो, तेवढ्यात आई आठवली. वै. म्हणते, दादांना द्या, त्यांचा जीव आहे त्यात. दुसऱ्या मिनिटाला म्हणते, नका देऊ, आईंचं काय? शेवटी म्हणाली, तुमचे आईवडील, तुम्ही बघा.

दादा दूध आणायला गेले होते. बाल्कनीत उभा राहून आवाज अगदी बारीक करून लावला. "अवो, पंखा!" डोळ्यांत पाणी आलं. मागे वळलो तर आई दारात.

बंद करायला गेलो, तिने माझा हात धरला. मोबाईल घेतला, कानाला लावला आणि शेवटपर्यंत ऐकला. ऑपरेशननंतर तिला स्वतःचा आवाज ऐकताना मी पहिल्यांदाच बघितलं. चेहऱ्यावर काहीच नाही. संपल्यावर एकदाच हसली, मसाल्यात तीळ घालायचं विसरलेय असं काहीतरी बोटांनी दाखवलं.

मला वाटलं, आता पुसून टाकणार. बटण कुठलं तेही तिला माहीत आहे.

ती आत गेली, ड्रॉवर उघडला, स्टिकरचा रोल घेऊन आली. माझ्या मोबाईलच्या पाठीला एक स्टिकर लावला, अंगठ्याने नीट दाबला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. पिवळा.

एवढ्यात दादा आले. दुधाची पिशवी ठेवता ठेवता नजर गेलीच, रिजेक्शनवाल्याची नजर.

"मोबाईलला पिवळा? का रं, काय बाकी हाय त्यात?"

मी आईकडे बघितलं. ती दादांकडे बघत होती, आणि तिचे ओठ हलायला लागले होते.