दहा हजारांच्या आत

प्रिय ओडेल,

पत्र बँकेच्या नाही, तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवतेय. इथे सगळं बरं आहे असं लिहिणार होते, पण खोटं लिहायचंही त्राण उरलेलं नाही. गुड फ्रायडेचा आठवडा, ऐन हंगाम, आणि आपलं क्रॉफिश उकडायचं दुकान बंद! लोक गाड्या थांबवतात, पाटी वाचतात आणि जातात. सरकारने खातं गोठवलंय. कोळ्यांना नांग्या हलवणाऱ्या जिवंत क्रॉफिशची पोती उतरवल्याबरोबर रोख लागते, ती आणू कुठून?

थिओफिलला तू ओळखतेसच. तुझ्या बाप्तिस्म्याला तो तुझा धर्मपिता, तुझा 'पारँ' झाला, त्या दिवशी तू त्याच्या नव्या कोटावर ओकलीस, तर माझा हा नवरा वर्षभर सांगत फिरला, 'पोरीने मला आशीर्वाद दिला!' तू बँकेच्या खिडकीत नोकरीला बसलीस तेव्हा तर गावभर मिरवला. मग एकदा तू म्हणालीस, 'पारँ, दहा हजार डॉलरच्या वर रोकड आणलीत की मला सरकारला कळवायचा कागद भरावा लागतो, मागची रांग खेकसते. जरा कमी आणत जा ना!' झालं! तेव्हापासून थैलीत नऊ हजार जमले की स्वारी बँकेत निघालीच. पोरीला त्रास नको ना! अगं, कागदाला भ्यायचं आम्हाला कारणच नव्हतं. पैसा कष्टाचा, कर भरलेला. पण तो कागद चुकवायला मुद्दाम थोडी थोडी रक्कम भरणं हाच गुन्हा, हे आम्हा अडाण्यांना खातं गोठल्यावर कळलं.

चौकशीला आलेल्या बाईने विचारलं, हे शिकवलं कोणी? हा म्हणाला, 'शिकवतंय कोण? माझीच अक्कल.' मी टेबलाखालून लाथ मारली, तरी ढिम्म! वकील कपाळाला हात लावून म्हणाला, कोर्टात हेच बोललात तर कागद चुकवायलाच केलंत असं होईल, तुरुंग ठरलेला. त्यावर आमचे शहाणे म्हणतात, 'माझं काय, झालं माझं. तिचं सगळं पुढे आहे.' धड जेवत नाही गं तो.

तू फोन उचलत नाहीस. घाबरली असशील, कळतं मला. तुझं नाव घेणार नाही अशी त्याने मला शपथ घातलीय, आणि मी ते घेणारही नाही. पण सोमवारी कोर्ट आहे, ओडेल. तू स्वतः ये आणि खरं काय ते सांग. नोकरी जाईल, कदाचित त्याहून वाईटही होईल. तुझी आई गेली तेव्हा तिचा हात धरून मी म्हटलं होतं, पोरीला आच लागू देणार नाही. तो शब्द आज मी मोडतेय. त्याला वाचव.

तुझीच धर्ममाता,
यूला