शेऱ्याचा रकाना

१२ ऑगस्ट
मतदार यादीची तपासणी पुन्हा शिक्षकांच्याच गळ्यात! आणि मला भाग कुठला, तर खालची आळी. माझं माहेर! चार वर्षांत तिसरा पूर. आळी उरलीय कुठे तपासायला? अप्पांसकट सगळे आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये, सतरंज्यांवर. वडिलांना माझ्याकडे चला म्हटलं तर, "शेजार सोडून येणार नाही."

पुराचं निमित्त करून निवडणूक दोनदा पुढे ढकलली. तोवर प्रशासक बसवलाय. नदीकाठची भिंत कधी बांधणार विचारलं की म्हणतो, "निवडून येतील ते बघतील." संताप नुसता!

१४ ऑगस्ट
दिवसभर चिखलात. चिटपाखरू नाही. प्रत्येक घरी तीनदा जायचं, असा नियम. घर कुठाय? नुसती जोती! ड्रॉइंगचे सर हसले—"बाई, घरी बसून 'राहतात'वर खुणा करा की. मी तेच केलं."

लाज नाही माणसाला! मी शेऱ्याच्या रकान्यात एकशे सत्तर वेळा लिहिलं—घर वाहून गेलं, माणसं शाळेच्या हॉलमध्ये आहेत. अप्पांच्या नावापुढेही. ठसठशीत, वळणदार. कळू दे वरच्यांना!

९ सप्टेंबर
यादी लागली. खालची आळी गायब! अख्खी!

ऑफिसात जाऊन भांडले. संगणकात म्हणे दोनच पर्याय—राहतात, राहत नाहीत. कारकून म्हणतो, "बाई, घर नाही असं तुम्हीच लिहिलंत ना?" अहो, पुढचं वाचा! "पुढचं बसत नाही त्यात." हरकतीची मुदत? परवाच संपली!

ड्रॉइंग सरांच्या भागातली वारलेली माणसंसुद्धा यादीत सुखरूप आहेत.

१० सप्टेंबर
अप्पांना सांगायला गेले. ते त्यांचा एकमेव धड शर्ट खिडकीत वाळत घालत होते. मतदानासाठी ठेवलाय. "आजवर एकदाही चुकवलं नाही मी. या खेपेला भिंतीचा जाब विचारणार."

मी शर्टाची कॉलर सरळ करून दिली आणि निघाले.

२१ सप्टेंबर
अजून सांगितलं नाही. भेकड!

५ ऑक्टोबर
मतदान. केंद्र आमच्याच हॉलमध्ये! सकाळी सतरंज्या गुंडाळायला लावून आळीला बाहेर काढलं, आणि मग त्याच दारात सांगितलं—तुमची नावं नाहीत. कारण दाखवायला माझे कागद भिंतीवर डकवले होते. सही नाही, नुसता तपासनिसाचा क्रमांक.

पोरं पेटली. टेबल उलटलं. मतपेटी कोणीतरी पायऱ्यांवरून खाली फेकली. "कोणी लिहिलंय हे? अक्षर कोणाचं?" मी दाराशीच होते. एकाने कागद ओरबाडून अप्पांच्या हातात दिला. "तुम्ही सांगा!"

अप्पांनी चष्मा लावला. लहानपणी हात धरून मला अक्षरं गिरवायला शिकवली ती यांनीच. बराच वेळ कागद बघत राहिले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ओळखीचं नाही," म्हणाले.